क्षय बरा झाल्यानंतरचा खोकला

अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे दोन-तीन मायक्रॉन आकाराचे बीजाणू प्रत्येकाच्याच श्वासातून आत जातात आणि निरोगी फुप्फुस त्यांचा सहज नायनाट करते. मात्र क्षयरोग बरा होताना फुप्फुसात पोकळी उरली असेल, तर प्रतिकारशक्ती शाबूत असूनही तिथे बुरशी मूळ धरते. खोकला, वजनातील घट आणि थुंकीतून रक्त ही लक्षणे क्षयासारखीच असल्याने, थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही रुग्णाला पुन्हा क्षयाचीच औषधे दिली जातात, ही भारतातली नेहमीची आणि टाळता येण्याजोगी चूक आहे.

या बुरशीजन्य आजाराच्या निदानासाठी तीन महिन्यांहून अधिक काळची लक्षणे, सीटी स्कॅनमधील पोकळी किंवा तिच्यातील बुरशीचा गोळा आणि बुरशीचा प्रत्यक्ष पुरावा किंवा तिच्याविरुद्ध शरीराने दिलेला प्रतिसाद यांची सांगड घालावी लागते, शिवाय क्षय व कर्करोग यांची शक्यताही वगळावी लागते. केवळ थुंकीत बुरशी वाढली म्हणून आजार सिद्ध होत नाही, कारण ती श्वासमार्गात निरुपद्रवीपणेही असू शकते. रक्तातील गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीच्या पेशीभित्तिकेतील शर्करायुक्त घटक, शोधणारी चाचणी प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांत उपयोगी असली तरी येथे बहुधा फसवी ठरते. त्याऐवजी बुरशीविरुद्ध शरीराने तयार केलेली आयजीजी प्रतिपिंडे मोजणे अधिक भरवशाचे असते.