शालेय कुमारवयातील नेत्रशुष्कता

नेत्रशुष्कता हा उतारवयातील विकार होय, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. बारा ते अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यांतही तो आढळतो, हे आता मान्य झाले आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांना होणारा नेत्रविकार याहून निराळा असून त्याच्या प्रतिबंधाचा कार्यक्रम भारतात 1970 साली सुरू झाला. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो अश्रुपटलाच्या अस्थैर्याचा.

डोळ्याच्या पृष्ठभागावर श्लेष्मल, जलीय व स्निग्ध द्रव्यांचे एक अतिशय पातळ पटल असते. त्यातील स्निग्ध अंश पापण्यांच्या कडांतील ग्रंथींपासून येतो. हाइनरिख मायबोम याने 1666 साली त्यांचे वर्णन केले. हा अंश बाष्पीभवनास आळा घालतो आणि पापणीची प्रत्येक उघडझाप पटल नव्याने पसरविते. उघडझाप मंदावली वा अपुरी झाली, की पटल तुटते, अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते व दाह उत्पन्न होतो. दाहामुळे पटल अधिकच अस्थिर बनते. अशा डोळ्यांतून पुष्कळदा प्रतिक्षिप्तपणे पाणी वाहते. त्यामुळे पाणावलेला डोळा कोरडा असू शकेल, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही.

त्सुबोता व नाकामोरी यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्यांची उघडझाप स्वस्थ स्थितीत मिनिटास सरासरी 22, वाचताना 10 व संगणकाच्या पडद्यापुढे 7 वेळा आढळली. दक्षिण कोरियातील 916 शालेय मुलांच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नेत्रशुष्कतेचे प्रमाण शहरात 8.3 टक्के, तर ग्रामीण भागात 2.8 टक्के होते. बाधित मुलांचा स्मार्टफोन चार आठवडे बंद ठेवताच त्यांच्या लक्षणांत सुधारणा झाली.

हा निष्कर्ष आपल्या ग्रामीण भागास जसाच्या तसा लावता येईल काय? धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचे उदाहरण घेऊ. सोलापूर-हैदराबाद मार्गावरील हे गाव अवर्षणप्रवण प्रदेशात आहे. उन्हाळ्यातील कोरडी हवा, वारा व धूळ यांनी बाष्पीभवन वाढते. घरात चूल असल्यास धुराची भर पडते. उष्ण व कोरड्या हवामानात मुलांना होणारा अधिहर्षताजन्य नेत्रदाह आणि त्यापायी डोळे चोळण्याची सवय, ही आणखी कारणे होत. त्यांत मोबाइलचा पडदा आता नव्याने येऊन मिळाला आहे. तात्पर्य, कोरियात मोकळी हवा ही संरक्षक ठरली असली, तरी येथे तिचे दोन्ही परिणाम स्वतंत्रपणे मोजावे लागतील. लेन्स आणि मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन यांचीही नोंद वेगळी घ्यावी लागेल.

शाळांतील नेत्रतपासणीचा भर अक्षरफलकावर असतो. पापणी मिटून उघडताच दृष्टी क्षणभर स्वच्छ होत असल्याने नेत्रशुष्कता असलेला विद्यार्थी 6/6 अक्षरे वाचून निर्दोष ठरतो. पुढे वाचताना मात्र अक्षरे पुसट होतात व त्याच्यावर आळसाचा शिक्का बसतो. यास्तव फलकासोबत तीन प्रश्न अवश्य विचारावेत: डोळ्यांत खुपते काय, वाचताना धूसर झालेले पापणी मिटताच स्पष्ट होते काय, आणि पडद्यापुढे रोज किती वेळ जातो? उत्तरे संशयास्पद असल्यास अश्रुपटल किती सेकंदांत तुटते, हे नेत्रतज्ज्ञाने पाहावे. दहा सेकंदांहून कमी काळ हा सामान्यतः अस्थैर्याचा निदर्शक मानला जातो. या तीन प्रश्नांस खर्च नाही. परंतु ते न विचारल्यास एखाद्या विद्यार्थ्याचे शिक्षण विनाकारण मागे पडू शकते.