तळाच्या संघांचा प्रशिक्षक

फुटबॉल प्रशिक्षक खालिद जमील यांची गोष्ट ऐजॉलच्या आय-लीग विजेतेपदापासून सांगायची पद्धत पडली आहे. खरं तर ती मुंबई एफसीपासून सांगायला हवी.

१९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेले जमील मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि एअर इंडियाकडून मधल्या फळीत खेळले. २००७ मध्ये मुंबई एफसी निघाली, तेव्हा ते तिकडे गेले. तिथले पहिले प्रशिक्षक डेव्हिड बूथ हे इंग्रज; ग्रिम्सबी टाउनकडून खेळून पुढे त्याच क्लबचे मॅनेजर झालेले. दुखापतींनी जमील यांचं खेळणं थांबवलं आणि २००९ मध्ये, ऐन बत्तिशीत, संघ त्यांच्याच हाती आला.

पुढची सात वर्षं तग धरण्याची होती. आधी गोल खायचा नाही, मग मिळेल ती संधी साधायची. खेळ कंटाळवाणा म्हणून नावं ठेवली गेली. पण आय-लीगमधून मुंबई एफसी एकदाही खाली घसरली नाही. माझ्या लेखी हीच त्यांची मोठी कमाई.

२०१६ मध्ये क्लबने त्यांना निरोप दिला. ते गेले ऐजॉलला. हा संघ नुकताच आय-लीगमधून घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून परत आत आला. जमील यांनी जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबईतले ओळखीचे खेळाडू सोबत नेले. १८ सामने, ३७ गुण. मोहन बागान ३६ वर अडलं आणि ऐजॉल विजेता ठरलं. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटची आली, लीगबाहेर गेली आणि नंतर बंदच पडली.

आमच्या चारठाणा गावात लोक येतात ते जुनी देवळं आणि बारव पाहायला. फुटबॉलचा विषय निघाला तरी मेस्सी-रोनाल्डोच्या पुढे जात नाही. मुंबईचा प्रशिक्षक मिझोरमच्या संघाला भारताचा विजेता करतो, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही.

ईस्ट बंगाल आणि मोहन बागान, कोलकात्याचे दोन्ही बडे क्लब त्यांना फारसे लाभले नाहीत. नॉर्थईस्ट युनायटेडला मात्र २०२१ मध्ये, हंगामाच्या मध्यावर हाती घेऊन, त्यांनी इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेलं. त्यांच्या हाताखाली जमशेदपूरनेही २०२५ मध्ये तीच मजल मारली.

ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय संघ मिळाला. मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, तरी मध्य आशियातल्या ‘काफा’ नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून भारत तिसरा आला. तुटपुंज्या सामग्रीवर संघ उभा करणं त्यांच्या अंगवळणीच पडलेलं. पण तोच बचाव रोज घोटून घ्यायला क्लबमध्ये जे महिने मिळतात, ते राष्ट्रीय प्रशिक्षकाला कुठून मिळणार? ऑक्टोबरमध्ये मडगावला छांगतेच्या गोलने आघाडी घेऊनही भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशियाई चषकाची वाट बंद झाली.