तार घासतेय, अब्बा

माझ्या घरात दोन गिटारी आल्या. पहिली मी आणली, थोरल्या मुलासाठी. साधी, लाकडी पेटीची. दिसायला देखणी आणि खिशाला परवडणारी, म्हणून दुकानात तारेला हातही न लावता बांधून घेतली. पोरगं तीन महिन्यांत कंटाळलं. ‘बोटं दुखतात’ म्हणायचं. ‘तुम्हा पोरांना कष्ट नकोत,’ हे माझं ठरलेलं उत्तर. कित्येक वर्षांनी एका दुरुस्ती करणाऱ्यानं ती गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली आणि म्हणाला, ‘दांडी वाकलीय. यावर कुणाचीच बोटं टिकली नसती.’ तोवर मुलगा नोकरीला लागला होता. मी त्याला हे सांगितलं, तेव्हा तो नुसता हसला.

म्हणून धाकट्या लेकीनं शिकवण्या करून साठवलेले 22 हजार रुपये पुढ्यात ठेवले आणि ‘अब्बा, इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीय, चला,’ म्हणाली, तेव्हा मी आधी चार जाणकारांना विचारत फिरलो.

शेजारपाजारचे म्हणाले, आधी साधी शिकू दे, मग विजेची. हा समज खरा नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात, दाबायला हलक्या. कोवळ्या बोटांना उलट हीच सोपी. फार तर ती सोबत ॲम्प्लिफायर मागते, एवढाच तिचा खर्चिक स्वभाव.

मी बी. ए.चा माणूस, विज्ञान दहावीतच सुटलं. तरी यातली गंमत मला कळली. तारांखाली लोहचुंबक असतो, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत इवलीशी वीज उमटते आणि ॲम्प तिचा आवाज करतो. एकेरी वेढ्याचा पिकअप स्वच्छ, टोकदार बोलतो. पण घरातल्या विजेची घरघरही ओढून घेतो. ती मारायला दोन वेढे उलटसुलट जोडायची युक्ती गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955मध्ये काढली. तो हमबकर, त्याचा आवाज जाड, भरदार. दोन्हींत चांगला कोणता, हे विचारू नका. मुलाला कोणती गाणी वाजवायचीत, ते विचारा.

दुकानात मात्र रंगाआधी दांडी पाहावी. एका टोकाकडून बंदुकीचा नेम धरल्यासारखी. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबायची आणि मध्ये, सातव्या-आठव्या पडद्यापाशी पाहायचं. कागद सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर दांडी पुढं वाकलेली. थोडा बाक असला तर घाबरू नये. दांडीच्या पोटात लोखंडी सळई असते, ती किल्लीनं पाव फेरा फिरवून बाक काढता येतो. आमच्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा ते काम जाणत्याकडून करून घ्यावं लागतंच. पण पिळवटलेली दांडी सोडून द्यावी.

इथं माझी फजिती झाली. दुकानात एक गिटार मला फार आवडली. तार छेडली की मागं एक गोड झिणझिण रेंगाळायची. ‘हिच्यात जान आहे,’ मी म्हणालो. लेक म्हणाली, ‘अब्बा, तार पडद्याला घासतेय.’ माझं बालपण मिरजेत सतारी-तंबोरे बनवणाऱ्यांच्या शेजारात गेलं. तिथं कारागीर तंबोऱ्याची घोडी तासून तासून जवारी काढतात. त्या झिणझिणीसाठीच तर सारा खटाटोप. तोच कान घेऊन मी गिटारकडं गेलो होतो. तिथं ज्याला जीव म्हणतात, त्याला इथं खोट म्हणतात! मग तिनं सहाही तारा एकेका पडद्यावर दाबून वाजवल्या. अर्धा तास लागला. दुकानदारानं तोंड वाकडं केलं, करू दे.

आणखी एक परीक्षा. बाराव्या पडद्याच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून छेडायचं, मग तिथंच दाबून. दोन्ही सूर एकच यायला हवेत. किंचित फरक घोडीवरचा स्क्रू फिरवून जातो. गेला नाही, तर ती गिटार वरच्या पडद्यांवर बेसूरच राहणार. बटणं फिरवताना खरखर येते का, तेही ऐकावं. घोडी स्थिर असावी. तरंगत्या घोडीची एक तार तुटली की बाकीच्या पाचही बिघडतात, नवशिक्याचा निम्मा वेळ सूर लावण्यातच जातो. आणि बसून, पट्ट्यानं उभं राहून, वजन पेलतं का ते पाहावं. घरपोच मागवताना यातलं काही करता येत नाही. मागवायचीच तर परत करायची सोय आधी विचारावी.

सगळे पैसे गिटारीत घालू नयेत, हे मात्र मीच सुचवलं. लेकीनं साधी काळी, स्थिर घोडीची घेतली आणि उरल्या पैशांत हेडफोन लावता येईल असा छोटा ॲम्प. रात्री ती वाजवते आणि मला फक्त तारांची टकटक ऐकू येते.

ईदला थोरला घरी आला. त्यानं ती गिटार मांडीवर घेतली, जाड तार दाबली, मग बारीक. बोटांची टोकं पाहिली. म्हणाला, ‘दुखत नाही की, अब्बा.’ जेवणं मांडली तरी तो उठेना.