ताटात भरपूर, अंगात कमी

‘अ जीवनसत्त्व कमी पडलं, म्हणजे खाण्यात कमी पडलं.’

गाजर, शेवग्याचा पाला, कॉड लिव्हर ऑइल ही नावं आपल्याला या समजुतीसोबतच शिकवली जातात. माणसांच्या बाबतीत ती बहुतांशी खरी आहे. पण पोटभर मासळी खाणाऱ्या प्राण्यांच्या अंगातही हे जीवनसत्त्व घटू शकतं, हे नेदरलँड्समधल्या सीलनी दाखवून दिलं.

तिथल्या उथळ वाडन समुद्रात १९५० च्या सुमारास तीन हजारांहून जास्त सील होते. १९७५ पर्यंत पाचशेही उरले नाहीत. ऱ्हाईन नदीबरोबर कारखान्यांमधलं पीसीबी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये वापरलं जाणारं तेलकट रसायन, या समुद्रात उतरत होतं. पीटर रेंडर्स या डच शास्त्रज्ञाने बारा-बारा माद्यांचे दोन गट पाळले. एका गटाला वाडन समुद्रातली मासळी दिली, दुसऱ्याला अटलांटिकमधली, तुलनेने स्वच्छ. १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले: पहिल्या गटात पिल्लं फारच कमी जन्मली. पुढे त्याच सीलचं रक्त तपासलं, तेव्हा वाडनची मासळी खाणाऱ्या माद्यांमध्ये अ जीवनसत्त्व आणि थायरॉइडची संप्रेरकं, दोन्ही उतरलेली आढळली. स्वच्छ मासळी सुरू केल्यावर हा फरक नाहीसा झाला. दोष आहाराच्या प्रमाणात नव्हता, आहारासोबत पोटात जाणाऱ्या रसायनात होता.

हे घडतं कसं? सस्तन प्राण्यांमध्ये अ जीवनसत्त्वाचा मोठा साठा यकृतात असतो. तिथून ते एका छोट्या वाहक प्रथिनाला धरून रक्तात उतरतं. हे प्रथिन इतकं लहान असतं की एकटं फिरलं तर मूत्रपिंडाच्या गाळणीतून निसटून जाईल, म्हणून ते ट्रान्सथायरेटिन नावाच्या मोठ्या प्रथिनाचा आधार घेतं. हेच मोठं प्रथिन थायरॉइडचं थायरॉक्सिनही वाहून नेतं. शरीर काही पीसीबींवर प्रक्रिया करतं, तेव्हा तयार होणारे पदार्थ थायरॉक्सिनसारखेच दिसतात आणि त्याच्या जागी जाऊन बसतात. मग थायरॉक्सिन बेवारस होतं, छोट्या वाहकाची पकडही सुटते, आणि जीवनसत्त्व लघवीवाटे वाहून जातं. धरण भरलेलं आहे, पण कालवाच फुटला, तशी ही गत. सीलमध्ये दोन्ही गोष्टी एकदम का उतरल्या, ते यातून उलगडतं.

डायॉक्सिन हे दुसरं प्रदूषक मात्र थेट साठ्यावरच घाव घालतं. प्रयोगशाळेतल्या उंदरांमध्ये त्याच्या एका मात्रेनेही यकृतातला साठा घटत जातो. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीत, माँट्रियलजवळच्या स्टर्जन माशांच्या यकृतातही हे जीवनसत्त्व दूरच्या, स्वच्छ पाण्यातल्या स्टर्जनपेक्षा बरंच कमी सापडलं.

‘रक्तात ठीक आहे, म्हणजे ठीकच आहे.’

एरवी यकृतात साठा आहे तोवर शरीर रक्तातलं प्रमाण टिकवून धरतं. डायॉक्सिन दिलेल्या उंदरांमध्ये तर यकृत रिकामं होत असताना रक्तातलं प्रमाण वाढलेलंही दिसतं. म्हणूनच वन्यजीवांचा अभ्यास करणारे शक्य तिथे यकृत आणि अंडी तपासतात.

‘पाणी इतकं वाईट असतं, तर मासे मेले असते.’

मेलेल्या माशांचा खच बहुतेकदा प्राणवायू संपल्याने किंवा तीव्र विषाने पडतो. पीसीबीसारखी रसायनं चरबीत साठतात, अन्नसाखळीत वर वर जमत जातात, आणि मासा पोहत राहतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दुसऱ्या एका डच प्रयोगात सीलना बाल्टिक समुद्रातली हेरिंग दिली. ती माणसांच्या बाजारासाठीच पकडलेली होती. तरीही सीलची प्रतिकारशक्ती ढासळली आणि रक्तातलं अ जीवनसत्त्वही घटलं. १९८८ मध्ये युरोपात विषाणूच्या साथीने सुमारे अठरा हजार सील मेले होते. त्या पार्श्वभूमीवर हा निष्कर्ष मला फार गंभीर वाटतो.

‘मग जीवनसत्त्वाचा डोस वाढवावा.’

गळती चालू असताना वरून भर घातल्याने मूळ बिघाड जात नाही. शिवाय हे जीवनसत्त्व जास्त झालं तरी विषारी ठरतं आणि गर्भात व्यंगं निर्माण करू शकतं. ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाऊन आर्क्टिकमधले प्रवासी आजारी पडले, ते याच जीवनसत्त्वाच्या प्रचंड साठ्यामुळे. आणि जंगली प्राण्याला डोस देणार तरी कोण?

याच्या उलट टोकाचा गैरसमजही बाळगू नये. प्रत्येक कमतरता प्रदूषणामुळेच नसते. वय, लिंग, ऋतू, उपासमार, वीण यांनुसारही साठा बदलतो. म्हणून पाळलेल्या सीलवरच्या अशा प्रयोगांचं मोल मोठं.

‘हा फक्त कमतरतेचा प्रश्न आहे.’

अ जीवनसत्त्वापासून शरीर काही संदेशवाहक रेणू बनवतं. ते पेशींतल्या ग्राहींना चिकटून कोणती जनुकं चालू करायची, ते ठरवतात. बोटींच्या तळाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून वापरलेल्या रंगातलं ट्रायब्युटिलटिन हे रसायन यांपैकीच एका ग्राहीला जाऊन चिकटतं. खोट्या संदेशामुळे समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचं इंद्रिय फुटतं. जपानी संशोधकांनी २००४ मध्ये या ग्राहीचा सहभाग दाखवला. त्याआधीच, १९९९ मध्ये, गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आपल्या किनाऱ्यावरच्या गोगलगायींत ही विकृती नोंदवली होती. असा रंग लावण्यावर २००८ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे.

‘बंदी आली, विषय संपला.’

अमेरिकेने पीसीबीच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी घातली, पण जुनी यंत्रं तशीच राहिली. अशा चिवट रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारानुसार ती २०२५ पर्यंत वापरातून काढायची होती आणि २०२८ पर्यंत त्यांची सुरक्षित विल्हेवाट लावायची आहे. भारतही या करारात आहे. म्हणून मोडीत निघालेल्या जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासल्याशिवाय भंगारात जाता कामा नये. ते एकदा नाल्यात उतरलं की गाळात बसतं, आणि तिथून ते गोळा करण्याचा सोपा मार्ग नाही.