बॉक्स उतरवण्याआधी क्लच बघा

गळीत हंगाम तोंडावर आला की शिरूर-दौंड पट्ट्यात दारापुढच्या मोकळ्या जागेत, गोठ्याच्या शेडखाली ट्रकचे गिअरबॉक्स जमिनीवर येऊ लागतात. एमएच १२ आणि एमएच ४२ च्या जुन्या १६१३, ४०७, लेलँडचे कॉमेट. न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: "गिअर पडत नव्हता, बॉक्स गेला." मग भंगारातून दुसरा बॉक्स येतो, दोन दिवस चार माणसं खपतात, बॉक्स चढतो आणि गिअर पुन्हा पडत नाही. तरीही क्लचकडे बघावं असं कोणाला वाटत नाही. आता म्हणतात, आणलेला बॉक्सही खराब निघाला!

गिअर न पडणं ही तक्रार बहुतेक वेळा बॉक्सची नसतेच, क्लचची असते. इंजिनच्या फ्लायव्हीलला चिकटून फिरणारी क्लच प्लेट बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसलेली असते. पेडल दाबल्यावर ती पूर्ण सुटली पाहिजे. ती जराशी जरी घासत राहिली तरी इंजिन शाफ्टला फिरवतच राहतं. गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवण्याचं काम पितळी सिंक्रो रिंग करते. अख्ख्या इंजिनच्या ओढीविरुद्ध ती बिचारी रिंग काय करणार? गिअर करकरतो, लिव्हर मागे ढकलला जातो आणि दोष बॉक्सच्या माथी बसतो. अशा क्लचवर दुसरा बॉक्स चढवला तर त्याच्याही रिंगा काही महिन्यांत झिजतात.

हे तपासायला पानासुद्धा लागत नाही. गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना पुढून-मागून दगड लावा, पुढेमागे कोणी उभं राहू देऊ नका. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. एखादा दातावर दात आल्यामुळे अडला तर गाडी जराशी हलवून पुन्हा प्रयत्न करा. सगळे मऊ पडत असतील तर आतले फोर्क आणि सिलेक्टर शाबूत आहेत. आता इंजिन चालू करा, पेडल तळापर्यंत दाबा, पाच-सहा सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला सहसा सिंक्रो नसतो, म्हणून तो खरं सांगून टाकतो. एवढा वेळ थांबूनही करकरला तर शाफ्ट अजून फिरतोय, म्हणजे क्लच सुटत नाही. पेडल भराभर चार-पाच वेळा मारल्यावर तोच गिअर गुपचूप पडला तर क्लचच्या ऑइल लाइनमध्ये हवा आहे किंवा क्लच सिलिंडरचे वॉशर गेलेत. त्यासाठी बॉक्सच्या बोल्टला हात लावायचं काही कारण नाही.

वॉशर का जातात, हे सांगताना मला खरंच राग येतो. क्लचच्या डबीत ऑइल कमी दिसलं की हाताला लागेल ते ओतलं जातं: इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, कधी डिझेलसुद्धा. त्या सिलिंडरचे रबरी वॉशर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असतात. खनिज तेल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात आणि दाब धरत नाहीत. डबीच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये डॉट ३ किंवा डॉट ४ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, वर्षानुवर्षं बदललं नाही तर सिलिंडर आतून गंजतो.

उसाच्या गाड्यांना आणखी एक गोष्ट भोवते. हंगाम आटोपला की गाडी उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत एका जागी उभी राहते आणि सगळा पावसाळा तिच्यावरून जातो. प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते किंवा शाफ्टच्या खाचांवर अडकते. दसऱ्याला हार घालून गाडी काढायला जावं तर एकही गिअर पडत नाही. मार्चमध्ये धडधाकट उभा केलेला बॉक्स नुसत्या उभं राहण्याने कसा खराब होईल, एवढा प्रश्न तरी स्वतःला विचारा. इंजिन तापल्यावर कधी कधी प्लेट आपोआप सुटते. नाही सुटली तर बॉक्स उतरवावा लागतो हे खरं, पण तो प्लेट साफ करायला किंवा बदलायला. महिन्यातून एकदा इंजिन चालू करून, पेडल दाबून गाडी चार हात पुढेमागे केली असती तर ही वेळ आली नसती.

आणि हंगामात? भरलेली गाडी ओल्या सरीतून बाहेर काढताना, नंतर कारखान्याच्या यार्डात वजनकाट्याच्या रांगेत इंच-इंच सरकताना ड्रायव्हरचा पाय अर्ध्या क्लचवर असतो. तिथे प्लेट जळते आणि प्रेशर प्लेट तापून वाकडी होते. पहिला गिअर टाकायचा कंटाळा करून भरल्या गाडीला दुसऱ्यावर उचलणाऱ्यांनी हे नीट ऐकावं.

बॉक्स खरोखर गेल्याची लक्षणं वेगळी आहेत. एकच ठरावीक गिअर करकरतो, बाकीचे नीट पडतात. चढाला किंवा उताराला गिअर आपोआप सुटतो. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि पेडल दाबताच थांबते, तेव्हा इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. उलट आवाज पेडल दाबल्यावरच येत असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग बघा. शेवटी ऑइल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा. पितळेची बारीक चमक जुन्या बॉक्समध्ये दिसणारच, पण लोखंडाचे तुकडे निघाले तर मात्र बॉक्स खोला.

खोलायचाच तर घरी उतरवता येतो. पण इथे एक गैरसमज जिवावर बेततो: "गाडी गिअरमध्ये ठेवलीय, हलणार नाही." गिअर चाकांना धरून ठेवतो तो प्रोपेलर शाफ्टमधून. बॉक्स काढण्यासाठी तुम्ही सगळ्यात आधी तोच शाफ्ट सोडता, आणि त्या क्षणी गिअरचा चाकांशी संबंध संपतो. माणूस गाडीखाली आडवा पडलेला असतो आणि जागेला थोडा जरी उतार असेल तर गाडी मोकळी झालेली असते. चाकांना दगड आधी, हँडब्रेक आधी, शाफ्ट नंतर. काळ्या मातीत नुसत्या जॅकवर विसंबू नका, तो भाराखाली रुततो. खाली जाड फळ्या आणि चॅसिसखाली घोड्या हव्यातच. बॉक्स चांगलाच जड असतो, छातीवर झेलायची वस्तू नव्हे.

चढवताना प्लेटचं सेंटरिंग न करता बोल्ट आवळून बॉक्स "ओढून" बसवणं हाही एक आवडता उद्योग आहे. त्याने हाउसिंगचे कान तुटतात. बॉक्सचा भार नुसत्या इनपुट शाफ्टवर लोंबकळू दिला तर नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो, आणि वाकलेली प्लेट पुन्हा सुटत नाही! बॉक्स खाली आहे तोवर क्रँकचं मागचं सील तपासा. ते गळत असेल तर नवी प्लेटही तेलकट होऊन घसरेल. हाउसिंगमधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या प्लेटच्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो.

"ऑइल सगळी सारखीच, जाड तेवढं चांगलं." नाही. क्राउनसाठी आणलेलं जीएल-५ प्रतीचं १४० नंबरचं ऑइल बॉक्समध्ये ओतलं की थंडीत गिअर आणखी जड होतात. त्यातली गंधकयुक्त रसायनं काही पितळी रिंगांना मानवत नाहीत, म्हणून अनेक जुन्या बॉक्ससाठी निर्माते जीएल-४ सांगतात. मॅन्युअल बघूनच भरा.

"उतारावर न्यूट्रल मारलं की डिझेल वाचतं." गिअरमध्ये राहून पाय काढला तर पंपाचा गव्हर्नर डिझेल तोडतो, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं जळतच राहतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. २० नोव्हेंबर २०२२ ला पुण्याच्या नवले पुलावर एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या, तेव्हा उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडल्याचंच प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

हल्ली परदेशी व्हिडिओ बघून तरुण मालक विचारतात, जुन्या १६१३ ला ऑटोमॅटिक बॉक्स बसवता येईल का? त्या व्हिडिओतल्या गाड्या मुळातच ऑटोमॅटिक असतात, तिथे बॉक्सच्या जागी तसाच बॉक्स जातो. आपल्या जुन्या ट्रकच्या इंजिनला सेन्सर नाहीत, तेल थंड ठेवणारा कूलर नाही, माउंटिंग वेगळं आणि प्रोपेलरची लांबीही वेगळी. नव्या भारतीय ट्रकमध्ये ज्याला लोक ऑटोमॅटिक म्हणतात तो बहुतेक वेळा एएमटी असतो: बॉक्स हाताच्याच पद्धतीचा, गिअर टाकायला यंत्रणा. आत क्लच प्लेट असते आणि ती झिजतेही. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला निकाल दिला आहे: नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. खराब बॉक्सच्या जागी त्याच मॉडेलचा, त्याच जातीचा बॉक्स घालणं ही दुरुस्ती झाली. वेगळ्या जातीचा घालायचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी आरटीओत लेखी विचारा.