मागेल त्याला काम : हमी कायद्याची आणि पोचपावतीची

सन १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याच्या बोलण्यात अजूनही ‘बहात्तरचा’ या एकाच शब्दाने ओळखला जातो. वैजापूर, गंगापूर, पैठण या तालुक्यांतील वृद्ध मंडळी त्या काळाविषयी बोलू लागली, की खडी फोडण्याची कामे, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी यांचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या ५० लाखांच्या घरात गेली होती. ही कामे लोकांना जगविण्यासाठी काढण्यात आली होती आणि त्यांनी अनेकांना जगविलेही. परंतु ती कोठे काढावयाची आणि केव्हा बंद करावयाची, हे शासनाच्या विवेकावर अवलंबून असे. उपाशी माणसास काम मिळे. ते मागण्याचा अधिकार मात्र त्याच्यापाशी नव्हता.

हा फरक ओळखणाऱ्यांत विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे हे अग्रणी होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्यांनी आपल्या कल्पनेचा प्रयोग आधीच करून पाहिला होता. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना योजना राज्यभर स्वीकारण्यात आली, आणि दुष्काळ ओसरल्यावर तिने खऱ्या अर्थाने मूळ धरले. पुढे विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदातील कामाचा हक्क हे केवळ मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी न्यायालयात दाद मागता येत नाही. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तींपुरते या तत्त्वाचे हक्कात रूपांतर करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य ठरले.

हक्क द्यावयाचा तर पैसा हवा. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. त्याच्या जोडीला विक्रीकर, मोटार वाहन कर आणि जमीन महसूल यांवर अधिभार आले, बागायत जमिनींवर उपकर आला, आणि जितकी रक्कम जमेल तितकीच शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. वाळूज किंवा चिकलठाणा येथील कारखान्यातील कामगार आपल्या पगारपत्रकावर दरमहा २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची वजावट पाहतो, तेव्हा हा कर मुळात कशासाठी लावला गेला, हे त्याला बहुधा कोणी सांगितलेले नसते. सोयगावच्या नालाबांधावरील मजुरीत शहरी पगाराचा वाटा असावा, असा तो विचार होता.

कायद्याचे मर्म पंधरा दिवसांच्या मुदतीत आहे. मजुराने नोंदणी करून कामाची मागणी केली, की पंधरा दिवसांच्या आत काम पुरविणे शासनावर बंधनकारक झाले. न पुरविल्यास बेकारी भत्ता देणे आले. मूळ कायद्यात हा भत्ता दिवसाला किमान १ रुपया इतका अल्प होता. २००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियम संमत केला, त्यामागे महाराष्ट्राचा अनुभव होता. त्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला वर्षास १०० दिवसांची हमी दिली, आणि भत्ता पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व त्यानंतर किमान निम्मा ठरविला. १०० दिवसांपलीकडील कामाचा खर्च महाराष्ट्राने स्वतःकडे घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला असून त्यात हमीचे दिवस १२५ केले आहेत.

दिवसांचा आकडा वाढला, तरी पंधरा दिवस कधीपासून मोजावयाचे हा प्रश्न जुनाच आहे. महाराष्ट्रात मजूर ‘नमुना ४’ भरून कामाची मागणी करीत आला, आणि ग्रामपंचायतीने त्यास ‘नमुना ५’ मध्ये दिनांकित पोचपावती द्यावयाची, अशी पद्धत पडली. ही पावती नसेल, तर मागणी केव्हा केली हे सिद्ध होत नाही आणि भत्त्याचा दावाही उभा राहत नाही. तोंडी मागणी ‘काम निघाल्यावर सांगू’ या उत्तरावर संपते. दिवाळीनंतर कन्नड, पैठणकडील कुटुंबे बैलगाड्या जुंपून किंवा ट्रकमधून ऊसतोडीस निघतात. त्यांच्या गावी त्या वर्षी कामाची मागणी कमी होती, अशी नोंद मग कागदावर राहते. ती खरी असते असे नाही.

या कामांनी निर्माण काय केले, तेही पाहणे आवश्यक आहे. पाझर तलाव, नालाबांध, समतल चर आणि गावरस्ते ही पहिल्या काळातील मुख्य कामे होती. १९९० पासून फळबाग लागवड योजनेशी जोडली गेली, आणि शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीवर खड्डे खणून झाडे लावण्याचा खर्च मिळू लागला. पैठण तालुक्यातील मोसंबीच्या बागा वाढण्यास याची मदत झाली. २०१२-१३ च्या अवर्षणात यातील अनेक बागा वाळल्या, हेही नोंदविले पाहिजे. झाड लावण्याची हमी देता येते, परंतु विहिरीतील पाण्याची कोण देणार?

हजेरीपटावरील स्त्रियांची मोठी संख्या हे या योजनेचे आरंभापासूनचे वैशिष्ट्य होय. मजुरी मोजमापावर ठरत असल्याने समान मातीकामास स्त्री-पुरुषांना समान दर मिळाला. शेतमजुरीत ते तेव्हा दुर्मीळ होते. प्रसूतीच्या काळातील संरक्षणाबाबत मात्र अंतर मोठे आहे. राज्यघटनेचा ४२ वा अनुच्छेद प्रसूती साहाय्याविषयी आहे. कारखान्यातील पात्र कामगार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मातीकामावरील स्त्रीची मजुरी मोजलेल्या घनमीटरांची असते. ज्या दिवशी ती टिकाव-घमेले उचलू शकत नाही, त्या दिवसाची मजुरी तिला नसते. कामाच्या जागी सावली, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार आणि मुलांसाठी पाळणाघर असावे, असा नियम आहे. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीस मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद २००५ च्या कायद्यात होती. तीवर खर्च फार येत नाही, तरीही साडीची झोळी बाभळीला बांधलेली अनेक कामांवर दिसते.

अलीकडे या कागदपत्रांची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. जानेवारी २०२३ पासून सामूहिक कामांवर दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह ऑनलाइन हजेरी सक्तीची करण्यात आली. खोट्या हजेऱ्यांना त्यामुळे आळा बसावा, हा हेतू योग्यच होता. परंतु डोंगरपट्ट्यात जेथे रेंज नाही, तेथे कामावर आलेल्या मजुराची हजेरी चढली नाही तर त्याच्या मजुरीवरच टाच येते. म्हणून गावातील इंटरनेट हा आता रोजगाराच्या हक्काचाच भाग झाला आहे. ग्रामपंचायतीपर्यंत पोचलेली तार पुढे कामाच्या जागेपर्यंत कशी नेणार, याचे उत्तर अंमलबजावणी यंत्रणेने द्यावयाचे आहे.

तोपर्यंत मजुरांनी मागणी एकट्याने न करता गटाने आणि लेखी करावी, तीवर तारीख घालावी आणि पोचपावती घेतल्याशिवाय ग्रामपंचायत कार्यालयातून उठू नये.