‘याला काही कळत नाही’ असे ठरवण्याआधी

डोक्याला जबर मार लागलेला माणूस आठवडेच्या आठवडे हाकेला ओ देत नाही, तेव्हा घरचे लोक आणि कित्येकदा डॉक्टरही एकच अर्थ लावतात: याला काही कळत नाही. पण हात हलवता न येणे वेगळे आणि ‘हात हलव’ हे न कळणे वेगळे. केंब्रिजच्या एड्रियन ओवेन यांच्या गटाने 2006 साली याचा पुरावाच दिला. अपघाताला पाच महिने उलटले तरी निपचित असलेल्या 23 वर्षांच्या तरुणीला एफएमआरआय यंत्रात ठेवून त्यांनी आधी टेनिस खेळण्याची आणि मग स्वतःच्या घरात फिरण्याची कल्पना करायला सांगितले. दोन्ही वेळी तिच्या मेंदूचे वेगवेगळे भाग सक्रिय झाले, धडधाकट माणसांत होतात तेच. ‘टेनिस’ हा शब्द कानी पडल्याने मेंदू आपोआप चाळवला असेल, असा आक्षेप आला आणि तो रास्तच होता. पण तसा पडसाद क्षणात विरतो. इथली सक्रियता प्रत्येक खेपेला विश्रांतीची सूचना येईपर्यंत, म्हणजे अर्धा मिनिट टिकली. पुढे 2010 मध्ये तर अशाच एका रुग्णाने टेनिस म्हणजे ‘हो’ आणि घर म्हणजे ‘नाही’ या खुणेने सहापैकी पाच प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली.

यावरून यंत्र मन वाचते, असे मात्र मुळीच नव्हे. मेंदूत विद्युत्लहरी दिसल्या म्हणजे भान आहे, असेही नव्हे. गाढ झोपेत आणि भूल दिल्यावरही ईईजीवर लहरी असतातच. शोधायचा असतो तो सूचनेबरहुकूम होणारा बदल. हाकेला ओ न देण्याची ही अवस्था ब्रेन डेड म्हणजे मेंदूमृत्यूही नाही. अनेक वर्षे अशाच अवस्थेत असलेल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या इच्छामरणाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये हा फरक स्पष्ट केला होता, तरी आजही दोन्हींची सर्रास गल्लत होते.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे तपासणीत काही आढळले नाही की भान नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या सहा केंद्रांच्या अभ्यासात सूचना न पाळणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने एफएमआरआय किंवा ईईजीवर प्रतिसाद दिला. पण त्याच अभ्यासातले 112 जण डोळ्यांदेखत सूचना पाळत होते, आणि त्यांच्यापैकी फक्त 43 जणांचा प्रतिसाद यंत्राला टिपता आला! थकवा, गुंगीची औषधे, भाषेच्या केंद्राला झालेली इजा, कारणे अनेक. म्हणून ‘हो’ला वजन द्यावे, ‘नाही’ला निकाल समजू नये.

यातून नातेवाइकांना खोटी आशा लागेल, असे म्हणणाऱ्यांनी 2019 चा अतिदक्षता विभागातला ईईजीचा अभ्यास पाहावा. असा छुपा प्रतिसाद देणाऱ्यांपैकी 44 टक्के रुग्ण वर्षभराने दिवसातले आठ तास स्वतःचे स्वतः राहू शकत होते. इतरांत हे प्रमाण 14 टक्के होते. निम्म्याहून अधिक जण तिथवर पोचले नाहीत, हेही नातेवाइकांना तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. आणि महागडे यंत्र नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. 2009 मध्ये बेल्जियममध्ये ‘भान नाही’ असा शिक्का बसलेल्या 44 जणांना ठरलेल्या पद्धतीने खाटेजवळच तपासले, तेव्हा 18 जणांत भानाच्या खुणा सापडल्या. त्या तपासणीतले एक साधन म्हणजे साधा आरसा: तो डोळ्यांसमोर हळूहळू सरकवायचा आणि नजर त्याच्यामागे जाते का ते पाहायचे, एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा.